व्यंकटरावांचे साहेब

आकाशात ढग आला तर आपण फार तर मान वर करून बघतो. व्यंकटराव पेशकार त्याला जाब विचारत. धोतराचा सोगा कमरेला खोचून, कपाळावर आडवा तळहात धरून ते अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि कचेरीतल्या आवाजात ओरडत, “ए, कोनाच्या इजाजतीनं आला तू इकडं? हट! साहेब काम करून राह्यले, दिसत नाई का तुले?” ढग सरकला, तर “हां, समजदार हाये” असा शेरा मिळायचा. नाही सरकला, तर त्या दिवशी व्यंकटरावांच्या वाटेला कोणी जात नसे.

साहेब म्हणजे सूर्य. निवृत्तीनंतर व्यंकटरावांनी दुसरा कोणी साहेब मानला नाही. त्यांची सगळी नोकरी आदिलाबादच्या तहसील कचेरीत पेशकार म्हणून झाली. साहेबांपुढे कागद ठेवायचे, पक्षकारांना हाका मारायच्या, आणि साहेबांची मर्जी बघून कोणता कागद आज पुढे करायचा नि कोणता दाबून ठेवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं की कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नाही. सकाळी ऊन पडलं की “साहेब हाजिर”. दुपारी डोक्यावर आलं की “साहेब खुर्चीवर”. मावळलं की “कचेरी बरखास्त”. थंडीत ऊन उशिरा यायचं तेव्हा ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, “लेट येऊन राह्यले आजकाल. पन मोठ्या मानसाले कोन इचारनार?”

या साहेबांपुढे रोज पेश व्हायची ती तुरीची डाळ. त्यासाठी एक पेटी होती. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. गावात एक सरकारी प्रदर्शन भरलं होतं, तिथून त्यांनी ही सूर्यचूल आणली. दिसायला जुन्या पत्र्याच्या ट्रंकेसारखी. आतून काळी, वर दुहेरी काच, आणि झाकणाला आतल्या बाजूने आरसा. काळ्या रंगाच्या डब्यांत डाळ-तांदूळ-पाणी घालायचं, डबे पेटीत ठेवायचे, काच लावायची आणि आरसा सूर्याकडे करायचा. बाकी काही नाही. ना लाकूड, ना रॉकेल, ना फुंकणी. दोन-तीन तासांत डाळ मऊसूत शिजते. मात्र सूर्य सरकेल तशी पेटी फिरवावी लागते. या फिरवण्याला व्यंकटराव ‘पेशी’ म्हणत. बाजारात कोणाशी बोलता बोलता ते एकदम थांबायचे, “चला, डाळीची पेशी हाये,” म्हणायचे आणि तरातरा घरी निघायचे. नवख्या माणसाला वाटे, यांचा कुठेतरी मोठा मुकदमा चालू आहे. डाळ कच्ची राहिली तर “मुलतवी”. शिजली तर “मंजूर”.

मी त्यांचा भिंतीला भिंत लावून शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिचा उपयोग दोन्ही घरांनी हात टेकून गप्पा मारण्यासाठीच केला. मी मूळचा बाजारहत्नूरकडचा, कापूसवाल्याचा मुलगा. नोकरी वीजखात्यात, बिलांच्या टेबलावर. म्हणजे व्यंकटरावांच्या लेखी मी विरोधी पक्षाचा. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘वीजवाले’ हेच माझं नाव. आणि त्या काळात आमची वीज जायची तरी किती! पंखा थांबला, रेडिओ मध्येच गप्प झाला, की पुढच्या क्षणी भिंतीपलीकडून आवाज यायचाच:

“काय हो वीजवाले, तुमची बाई गेली काय माहेरी?”

वीज म्हणजे माझी बाई. ती जरा काही झालं की रुसून माहेरी जाते, आणि त्यांचे साहेब कसे, बिनबोभाट, वेळेवर हाजिर. माझी खरी बायको, सुमन, पदराआड हसायची. मी म्हणायचो, “येईल हो काका, जाऊन जाऊन जाईल कुठे?” ते म्हणायचे, “आमच्या साहेबानं कोनाले बिल पाठवलं का आजपर्यंत?” बिलांच्या टेबलावरच्या माणसाला हे रोज ऐकावं लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्यांच्याकडे चहाला जाणं हा एक अनुभव होता. “चहा घेऊन जा” असं व्यंकटराव सकाळी म्हणाले की पाहुण्याने जेवणाची वेळ तिथेच होणार हे धरून चालावं. पाणी पेटीत तापायचं. मग चहापत्ती. मग दूध. मध्ये एखादा ढग. मध्ये ढगाची हजेरी घेणं. चहा हातात पडेपर्यंत आपल्या घरची, शेजारच्या घरची आणि दिल्लीची सगळी बोलणी संपलेली असत. चहा मात्र, खोटं कशाला बोलू, वाईट नसे.

एकदा त्यांनी पेटीत ज्वारीची भाकरी लावली. सुमनने सांगून पाहिलं, “काका, भाकरीले जाळ लागते.” त्यांनी ऐकलं नाही. दुपारी पेटीतून जे निघालं ते त्यांनी भिंतीवर ठेवलं आणि दोन बोटांनी वाजवून पाहिलं. चांगला आवाज आला. त्या दिवसापासून भाकऱ्या आमच्याकडून जायच्या आणि बदल्यात भिंतीवरून यायच्या पेटीत भाजलेल्या शेंगा, रताळी, कधी रव्याचा केक. हा केक आमच्या गल्लीत इतका नावाजला की बायका आपापल्या गाद्या, गोधड्या आणि कुरडयांची ताटं त्यांच्या अंगणात आणून टाकू लागल्या. का, तर “पेशकारांकडचं ऊन कडक हाये.” तेच ऊन आपल्याही अंगणात पडतं, हे मी सांगून पाहिलं. सुमनसुद्धा आमची गादी उचलून भिंतीपलीकडे देऊन आली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, एक रिकामा, हौशी म्हातारा. मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं. मग गोदाकाकूंची गोष्ट कळली.

गोदाकाकू म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी. उंच, गोऱ्या, आवाज एकदम बारीक. पूर्वी त्यांच्या हातच्या स्वयंपाकाचं नाव होतं म्हणे. कचेरीतले मोठमोठे अंमलदार काहीतरी निमित्त काढून पेशकारांच्या घरी जेवून जात. पण चुलीपुढे गेलेली ती सगळी वर्षं काकूंच्या छातीत जाऊन बसली होती. दमा असा की धुराची एक रेष नाकाशी आली तरी त्या भिंत धरून उभ्या राहत. गावातल्या डॉक्टरांनी एक दिवस स्पष्ट सांगितलं, “अम्मा, धुआँ छोडो, नहीं तो साँस छूट जाएगी.”

छोडो म्हणणं सोपं होतं. रॉकेलच्या स्टोव्हचा वासही त्यांना सोसत नसे. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं लागत. विजेची शेगडी घरात होती, पण तिचा भरवसा माझ्या खात्यावर होता, म्हणजे नव्हता. त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला होता. त्याच्या घरी गॅस होता. तो आईला न्यायला आला. काकू म्हणाल्या, “मी माझ्या घरातून जानार नाई.” तेव्हा व्यंकटराव प्रदर्शनात जाऊन ती पेटी घेऊन आले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, तो डाळ धुवायला शिकला. वर ऐट अशी की “मी कुठं सैपाक करतो? सैपाक साहेब करतात. मी फक्त पेशकार.”

पण पावसाळ्यात साहेब रजेवर जात. पेटी आणली त्याच वर्षी श्रावणात ऊन दिसेना. व्यंकटराव चार दिवस भिजवलेले पोहे खाऊन राहिले. सुमनने ताट पाठवलं तर काकूंनी ते परत केलं. “भाकरी घेते बाई. रोजचं ताट नाई घेनार.” आणि पाचव्या दिवशी नवऱ्याचं ते पोह्यांचं खाणं बघवेना म्हणून त्यांनी गुपचूप ओली लाकडं चुलीत घातली. त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. वाचल्या, एवढंच. मुलगा धावत आला आणि त्याने एक अट घातली. पावसाळ्याचे महिने आई हैदराबादला राहील. ऊन असेल तेव्हा आदिलाबादला. आणि आईने पुन्हा एकदा जरी चूल पेटवली, तरी ती कायमची हैदराबादची.

आता तुम्हाला ढगांवरचा राग कळला असेल. प्रत्येक ढग हा काकूंना घेऊन जायला आलेला माणूस होता.

हे माझ्या वडिलांना कसं कळणार? एके वर्षी पाऊस लांबला होता. गावाकडे कापसाची रोपं माना टाकून उभी. बाबा जमिनीच्या कुठल्याशा कागदाच्या भानगडीत व्यंकटरावांचा सल्ला घ्यायला म्हणून माझ्याकडे आले. दोघं भिंतीशी उभे असताना पश्चिमेकडून एक चांगला काळाभोर ढग वर आला. बाबांनी डोक्याचं पागोटं काढलं आणि हात जोडले. त्याच वेळी व्यंकटराव ओरडले, “हट! चालता हो! तुले कोनी बोलावलं?”

बाबा थक्क झाले. मग लाल झाले. “काऊन हो पेशकारसाहेब? आमच्या कापसावर उठले काय तुमी? आमी तिकडं डोळे लावून बसून राह्यलो आन तुमी त्याले हाकलून देता?”

व्यंकटरावांनी कपाळावरचा तळहात खाली घेतला आणि ते पेटीकडे वळले. बाबा कागदाचं न विचारताच घरात आले आणि मला म्हणाले, “असा शेजार आपल्याले नाई पाहिजे.” तेव्हा सुमनने त्यांना काकूंबद्दल सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. संध्याकाळी परत भिंतीशी जाऊन म्हणाले, “पेशकारसाहेब, माझ्या वावरात पडू द्या, तुमच्या आंगनात नको. असं काई होते का, पाहा तुमच्या साहेबाकडून.” व्यंकटराव म्हणाले, “दरखास्त चांगली हाये. पेश करतो.” त्यानंतर बाबा गावाकडून आले की काकूंसाठी तुरीची डाळ आणायचे. ढगाबद्दल दोघं एकमेकांसमोर काही बोलत नसत.

पेटीचं गुणगान फक्त आमच्या गल्लीत गाऊन व्यंकटरावांचं समाधान होईना. ते ती बसच्या टपावर चढवून आठवडी बाजारांना नेऊ लागले. नेरडीगोंड्याला त्यांनी ती हमरस्त्याच्या कडेला मांडली आणि खिचडी लावली. मी सुट्टीचा त्यांच्याबरोबर होतो. माणसं जमली. तेवढ्यात एक भली मोठी लॉरी येऊन बरोबर पेटीवर सावली पाडून उभी राहिली. व्यंकटराव धोतर सावरत धावले, “लॉरी हटाव! साहब के सामने गाडी खडी करते?” ड्रायव्हर पंजाबकडचा होता. साहेब म्हटल्यावर त्याने घाबरून लॉरी पुढे नेली, उतरून आला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “साहब किधर हैं जी?” व्यंकटरावांनी बोट वर केलं. ड्रायव्हरने वर पाहिलं, क्षणभर थांबला, आणि मनापासून हात जोडले. खिचडी झाल्यावर पहिला द्रोण त्यालाच मिळाला. त्याने खाल्ली आणि विचारलं, “इसमें तडका नहीं है?” व्यंकटरावांचा चेहरा पडला.

कारण तीच त्या पेटीची दुखरी बाजू होती. तिच्यात शिजतं सगळं, पण तेल कडकडीत तापत नाही. मोहरी तडतडत नाही. म्हणजे फोडणी नाही. सुगरण म्हणून नावाजलेल्या बाईने बिनफोडणीचं वरण खायचं, तेही रोज. काकू तक्रार करत नसत. फक्त आमच्याकडे फोडणी पडली आणि तिचा वास भिंतीवरून गेला, की त्या खोकत खोकत दारापर्यंत यायच्या आणि विचारायच्या, “सुमन, आज कशाची फोडनी देली वं?” सुमन सांगायची, लसणाची, किंवा मेथीची. त्या डोळे मिटून मान हलवायच्या आणि परत आत जायच्या. हे व्यंकटरावांनी पाहिलेलं होतं.

आमच्या घरामागे राजन्नाचं लॉज होतं, बसस्टँडच्या बाजूला तोंड करून. आदिलाबादची थंडी ज्याने सोसली आहे त्याला माहीत आहे की तिथे सकाळी गरम पाणी नसेल तर गिऱ्हाईक टिकत नाही. राजन्ना पहाटेपासून लाकडाचा मोठा बंब पेटवायचा आणि त्याचा धूर थेट काकूंच्या खिडकीत यायचा. व्यंकटराव भांडायला गेले नाहीत. ते रोज जाऊन राजन्नाला समजावत बसले. लाकडं महाग झाली आहेत. बंबावर एक माणूस अडकून पडतो. छतावर नळ्यांचं यंत्र बसवलं की दिवसा पाणी तापून टाकीत राहतं आणि सकाळीही गरमच असतं. एकदाचा खर्च, मग साहेब फुकट राबतात. राजन्ना म्हणायचा, “पेशकारसाब, तुम्हारे साहब नहाने का पानी भी देते क्या?” दोन हिवाळे हे चाललं. शेवटी नव्वदनंतर कधीतरी राजन्नाने ते यंत्र बसवलं, आणि बसस्टँडवरची माणसं ‘उन्हाच्या पाण्याचं लॉज’ विचारत येऊ लागली. बंब मोडीत गेला. राजन्ना सगळ्यांना सांगायचा की पेशकारसाहेबांना धंद्यातलं भारी कळतं. काकूंची खिडकी तेव्हापासून सकाळी उघडी दिसू लागली.

मग हळूहळू साहेबांची कचेरी वाढत गेली. मावल्याकडच्या एका वसतिगृहाच्या गच्चीवर तसंच यंत्र आलं. बाजारहत्नूरच्या वरच्या वस्तीत, जिथे माझ्या खात्याचे खांब पोचले नव्हते, तिथे उन्हावर भरणारे कंदील आले. बाबा सांगायचे, आता तिथली माणसं अंधार पडल्यावरही कापूस निवडत बसतात. आणि एक दिवस आमच्याच वीज कार्यालयात, लाइट गेल्यावर बिलं करता यावीत म्हणून, तसलाच एक कंदील आणून ठेवला गेला! ही बातमी मी घरी सांगणार नव्हतो. सुमनने सांगितली. व्यंकटराव दुसऱ्या दिवशी खास पायी आमच्या ऑफिसात आले, माझ्या टेबलावरचा कंदील सगळ्या बाजूंनी पाहिला आणि सर्वांदेखत म्हणाले, “म्हनजे वीज आता साहेबाच्या घरी पानी भरून राह्यली.” माझ्या शेजारच्या टेबलावरचे तेलुगू कारकून अर्थ विचारत होते. मी सांगितला नाही.

पण मला त्यांची आठवण येते ती पावसाळ्यातली. आषाढ लागायच्या आत मुलगा येई आणि काकूंना घेऊन जाई. बस सुटताना व्यंकटराव खिडकीशी उभे राहून फक्त औषधांच्या गोष्टी बोलत. मुलगा त्यांनाही चला म्हणे. एकदा ते गेलेही होते, पण आठवडा व्हायच्या आत परत आले. “तिथं साहेबच दिसत नाईत. समोरच्या बिल्डिंगीनं अडवून ठेवले,” हे त्यांनी दिलेलं कारण. खरं कारण असं होतं, की घराला कुलूप लागलं तर पुढे ते कधी उघडणार नाही ही भीती त्यांना होती. घर चालू ठेवायला कोणीतरी पाहिजे होतं.

त्या महिन्यांत ते आमच्याकडे जेवत आणि गल्लीत कोणाशी फारसं बोलत नसत. पेटी मात्र ओट्यावर मांडलेली असे. भुरभुर पाऊस पडत असायचा, आकाश राखेच्या रंगाचं, आणि ठरलेल्या वेळी व्यंकटराव उठून पेटी थोडी फिरवायचे. पुन्हा बसायचे. पुन्हा फिरवायचे. पेटीत काही नसायचं. मी भिंतीवरून पाहायचो आणि आत यायचो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमची वीज सगळ्यात जास्त जायची ती पावसाळ्यातच. पण त्या महिन्यांत भिंतीपलीकडून ‘तुमची बाई गेली काय माहेरी’ हा आवाज कधी, एकदाही, आला नाही.

एके वर्षी मात्र ढगांनी दगाच दिला. पौष महिना, काकू घरी, सगळं सुरळीत, आणि अचानक भलत्याच वेळी आभाळ भरून आलं. एक दिवस, दोन दिवस, ढग हलेनात. व्यंकटरावांच्या शिव्या संपल्या. पोहे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमन मला हाक मारत आली, “लवकर चला, काका काहीतरीच करून राह्यले.”

मी गेलो. स्वयंपाकघराच्या दारात काकू लाकडाचे दोन तुकडे हातात घेऊन उभ्या होत्या. आणि आत, मातीच्या थंड चुलीवर, बाजूच्या वैलासकट ती अडवून, बैठक मारून, पांढरं धोतर राखेत माखवून, व्यंकटराव बसले होते.

“पेटवा,” ते म्हणत होते. “पेटवा ना आता. मी हाये इथंच.”

“उठा हो. लोकं हसतील.”

“हसू द्या. मी उठनार नाई.”

“थोडं वरन लावते फक्त. कोनाले कळनार हाये?”

“मले कळन,” व्यंकटराव म्हणाले. “तुमी एकदा पेटवली की तो तुमाले घेऊन जाईन. मंग मी इथं कोनासाठी पेटी फिरवू?”

काकूंच्या हातातली लाकडं खाली पडली. मी हसण्याच्या बेताने गेलो होतो, पण मला हसू आलं नाही. मी तसाच बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. व्यंकटराव दिवसभर चुलीवरून उठले नाहीत. चहा तिथेच प्यायले. कोणी डोकावलं तर म्हणत, “सुनावनी चालू हाये.” त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा सुमनचं ताट घेतलं आणि ते चुलीवर बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत गॅसचा नंबर लागला. मुलाने कधीतरी नाव घालून ठेवलं होतं. भर वैशाखात लाल सिलिंडर रिक्षातून उतरलं आणि गल्ली बघायला जमली. निळी ज्योत पेटली. काकू जवळ जाऊन उभ्या राहिल्या, श्वास घेऊन पाहिला, पुन्हा घेऊन पाहिला. खोकला आला नाही. त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. मुलाने अट काढून घेतली. आता बारा महिने आदिलाबाद.

सगळे खूश. फक्त व्यंकटराव सोडून. त्यांनी पेटी पुसली, काच लावली आणि ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. सूर्य आग ओकत होता आणि ते सावलीत बसून राहत. एकदा चांगला मोठा ढग वरून गेला. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. ज्यासाठी एवढा जन्माचा आटापिटा केला ते मिळालं होतं, आणि त्यात त्यांची गरज उरली नव्हती. पेशकाराला याची सवय असायला हवी, असं मी सुमनला म्हणालो. ती माझ्यावरच रागावली.

काकूंनी चार-पाच दिवस हे चालू दिलं. मग एका सकाळी त्या धुतलेल्या डाळीचा काळा डबा घेऊन अंगणात आल्या. “पेशकार,” त्यांनी हाक मारली. नवऱ्याला त्या अशी हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं. “आज डाळीची पेशी नाई काय?”

“गॅस आला ना आता,” व्यंकटराव खाली बघत म्हणाले.

“गॅस भाकरीले हाये. वरन मले तुमच्या साहेबाच्याच हातचं लागते. उठा.”

ते उठले. पेटी उन्हात आली, आरसा लखलखला. दुपारी आम्हा दोघांनाही जेवायला बोलावणं आलं. डाळ ‘मंजूर’ होऊन आत गेली आणि काकूंनी गॅसवर पळी ठेवली. तेल, मोहरी, जिरं, लसूण, लाल मिरची. ती फोडणी त्यांनी उन्हात शिजलेल्या वरणावर ओतली, तेव्हा चर्र आवाज झाला आणि व्यंकटराव दचकले. काकू वाढता वाढता त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “इतकी वर्षं या वरनाले मी मनातच फोडनी देत होते. आज खरोखरची देली.”

व्यंकटरावांनी भात कालवला. पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. वरणात चावण्यासारखं काय असतं, पण ते चावत होते. डोळ्यांत पाणी होतं. मिरची जास्त झाली का, असं सुमनने विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

मग मृग आला आणि गेला. आषाढ लागला. काकू कुठे गेल्या नाहीत. श्रावणातली एक दुपार मला चांगली आठवते. बाहेर पाऊस, आभाळ इतकं दाटलेलं की घरात दिवा लावावा लागला होता. मी नुकताच ऑफिसातून जेवायला आलो होतो. आणि लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पावसाचा आवाज तेवढा उरला. सुमनने हातातलं ताट तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे ओट्यावरून कोणीतरी उठल्याचा आवाज आला. पावलं भिंतीजवळ आली. आणि आवाज आला, कचेरीतला, खणखणीत:

“काय हो वीजवाले! तुमची बाई गेली काय माहेरी?”

मी उत्तर द्यायच्या आत तोच आवाज, जरा खाली येऊन, म्हणाला:

“आमची घरात हाये बरं!”